गाळणे आणि निवडणे : मूत्रपिंडातील नलिकांची कथा

रायपूर शहरातील तात्यापारा या वस्तीचे नाव कानावर पडले की महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसास क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. छत्तीसगढीत ‘पारा’ म्हणजे वस्ती, मोहल्ला. आणि ‘तात्या’ हा शब्द कोठला, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत या मुलखात उतरले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून येथील कारभार पाहू लागले. १८१८ साली इंग्रजांचा अंमल बसल्यावर अॅग्न्यू या अधिकाऱ्याच्या अमदानीत कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आले, आणि १८५४ साली नागपूरचे राज्यच खालसा झाले. राज्य गेले, तरी त्याच्या मागोमाग आलेली आणि पुढे नोकरीधंद्यासाठी येत राहिलेली मराठी माणसे या भूमीत रुजली. तात्यापारा हा त्या रुजवणीचा एक जुना कोपरा होय.

परंतु आज आम्हांस राज्यांचा इतिहास सांगावयाचा नाही. तात्यापारा चौकातून ग्रेट ईस्टर्न रस्त्याने पश्चिमेकडे गेले की टाटीबंध लागते. तेथे २०१२ साली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तिच्या व शहरातील इतर रुग्णालयांच्या ओसरीवर छत्तीसगढच्या कानाकोपऱ्यातून आलेली माणसे बसलेली दिसतात. त्यांतच रायपूरच्या आग्नेयेस, दोनशेहून अधिक किलोमीटर अंतरावर, ओरिसाच्या सीमेला टेकलेल्या देवभोग भागातून आलेली माणसेही असतात. त्या भागात सुपेबेडा नावाचे एक लहानसे गाव आहे. २००५ नंतरच्या वर्षांत या गावची धडधाकट, शेतात राबणारी माणसे एकामागून एक मूत्रपिंडाच्या विकाराने अंथरूण धरू लागली व मृत्यू पावू लागली. मृतांचा आकडा गावकरी एक सांगतात आणि सरकार दुसरा सांगते. पण एवढ्याशा गावाला तो कोणताही असला तरी भारीच आहे.

हा विकार इतका निमूटपणे का येतो, आणि तो ज्यांना होतो त्यांना वेळीच का कळत नाही, हे समजावयाचे असेल तर मूत्रपिंडातील एका सूक्ष्म अवयवाची ओळख करून घेतली पाहिजे. तो अवयव म्हणजे नलिका. तिचे काम काय, या प्रश्नावर युरोप-अमेरिकेतील विद्वान जवळजवळ शंभर वर्षे भांडले. त्या भांडणाची हकीकत मनोरंजक तर आहेच. परंतु सुपेबेड्याच्या दुःखाचा अर्थही तिच्यातूनच लागतो, असे आम्हांस वाटते.

मूत्र कोठून व कसे येते, हे कोडे फार जुने आहे. आपल्या सुश्रुतसंहितेत, मुतखड्याच्या निदानाचा विचार करताना, एक सुंदर दृष्टान्त दिलेला आहे. नवा मातीचा घडा गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून ठेवला, तर तो जसा चहूबाजूंनी पाझरून आपोआप भरतो, तसाच मूत्राशय सूक्ष्म मार्गांनी भरतो, असा त्याचा आशय आहे. मूत्रपिंडाचा वाटा यात सांगितलेला नाही. तथापि सूक्ष्म छिद्रांतून पाझरणे ही कल्पना किती नेमकी होती, हे पुढे दिसून येईल. मधुमेहात मूत्र गोड होते व त्यास मुंग्या लागतात, हेही आपल्या वैद्यांनी हेरले होते. पश्चिमेकडे गेलन नावाच्या वैद्याने जनावरांच्या मूत्रवाहिन्या दोऱ्याने बांधून दाखविले की, मूत्र तयार होते ते मूत्रपिंडात, मूत्राशयात नव्हे. पण मूत्रपिंडाच्या आत काय चालते, हे कोणीच पाहिलेले नव्हते.

ते प्रथम पाहिले एका एकोणीस वर्षांच्या इटालियन तरुणाने. १६६२ साली, म्हणजे शाएस्तेखान पुण्यात लाल महालात तळ देऊन बसला होता त्या काळात, लोरेन्झो बेलिनी याने मूत्रपिंडाच्या रचनेवर एक छोटा ग्रंथ प्रसिद्ध केला. मूत्रपिंड हा मांसाचा घट्ट गोळा नसून असंख्य बारीक नळ्यांची जुडी आहे, असे त्याने त्यात दाखविले. नंतर १६६६ साली, म्हणजे शिवाजीमहाराज आग्र्याहून निसटले त्याच वर्षी, मार्चेल्लो मालपिगी याने सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंडात रक्तवाहिन्यांना लगडलेले बारीक गोल दाणे पाहिले. फांदीला फळे लागावी तसे ते दिसत होते. एकाने नळ्या पाहिल्या, दुसऱ्याने दाणे पाहिले. पण या दोहोंचा परस्परांशी संबंध काय, हे कळावयास पावणेदोनशे वर्षे जावी लागली.

तो संबंध उलगडला १८४२ साली. नागपुरास त्या वेळी तिसरे रघुजी भोसले गादीवर होते आणि तात्यापाऱ्याचा मुलूख त्यांच्याच राज्यात मोडत होता. लंडनमध्ये विल्यम बोमन या पंचविशीतल्या शल्यवैद्याने रक्तवाहिन्यांत रंग भरून व सूक्ष्मदर्शकातून पाहून असे सिद्ध केले की, मालपिगीचा दाणा म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा एक गुंता आहे. त्या गुंत्याभोवती पातळ पडद्याची एक पिशवी असते, आणि पिशवीचे तोंड सरळ बेलिनीच्या नळीत उघडते. या गुंत्यास आपण केशिकागुच्छ म्हणू आणि नळीस नलिका म्हणू. गुच्छ, पिशवी व नलिका मिळून मूत्रपिंडाचा एक घटक होतो. असे सुमारे दहा लक्ष घटक प्रत्येक मूत्रपिंडात असतात. एकेक नलिका चार-पाच सेंटिमीटरांची. परंतु दोन्ही मूत्रपिंडांतील सगळ्या नलिका एकीला एक जोडल्या तर रायपुराहून धमतरीपर्यंत सहज पोहोचतील.

रचना कळली, तरी कार्य कळले नाही. बोमनला वाटले की, गुच्छातून केवळ पाणी सुटते, आणि रक्तातील टाकाऊ पदार्थ नलिकेच्या भिंतीतील पेशी बाहेर टाकतात. गुच्छातून आलेले पाणी ते धुऊन नेते. म्हणजे त्याच्या मते नलिका ही बाहेर टाकणारी होती. योगायोग असा की, त्याच १८४२ साली, जर्मनीतील मारबुर्ग येथे कार्ल लुडविग याने नेमके उलट मत मांडले. तोही बोमनप्रमाणे १८१६ सालीच जन्मलेला. त्याचे म्हणणे असे की, रक्ताच्या दाबाने गुच्छातून पाण्यासह सर्व लहानसहान विद्राव्य पदार्थ गाळून येतात. रक्तपेशी व प्रथिने तेवढी मागे राहतात. पुढे नलिकेतून जाता जाता त्यातील बहुतेक पाणी रक्तात परत शोषले जाते व उरते ते मूत्र. म्हणजे त्याच्या मते नलिका ही परत घेणारी होती.

लुडविगचे मत प्रथमदर्शनी विचित्र वाटते. टाकावयाचे थोडे असताना आधी सगळेच बाहेर काढावयाचे आणि मग त्यातले बहुतेक परत घ्यावयाचे, हा कसला कारभार? पण दिवाळीपूर्वी घराची झाडलोट कशी होते ते आठवावे. तात्यापाऱ्यातील असो की पुण्याच्या सदाशिव पेठेतील असो, जुन्या घराची कोठीची खोली साफ करावयाची म्हणजे कोपऱ्यातली अडगळ हुडकीत बसत नाहीत. डबे, बरण्या, पाट, पितळी भांडी असे सगळे अंगणात आणून मांडतात. मग एकेक हवी असलेली वस्तू पुसून आत जाते, आणि शेवटी अंगणात उरते तो केर. या रीतीचा मोठा गुण असा की, नको असलेल्या प्रत्येक वस्तूची आधी ओळख असावी लागत नाही. हव्या असलेल्या वस्तूची ओळख असली म्हणजे झाले. उद्या एखादा कधी न पाहिलेला पदार्थ अंगात शिरला, तरी तो नलिकेच्या ओळखीचा नाही एवढ्याच कारणाने अंगणात राहून जातो.

परंतु युक्ती सुंदर असली म्हणजे ती खरी असतेच असे नाही. १८६२ साली याकोब हेन्ले याने नलिका मध्येच केसाच्या आकड्यासारखी खाली उतरून पुन्हा वर चढते, असे दाखविले. हा फास कशासाठी, हे मात्र त्याला सांगता आले नाही. १८७४ साली ब्रेसलाऊ येथील रुडोल्फ हाइडेनहाइन याने ससे घेतले, त्यांचा रक्तदाब इतका उतरविला की गुच्छातून गाळणेच थांबावे, आणि मग त्यांच्या रक्तात निळीपासून केलेला रंग सोडला. काही वेळाने मूत्रपिंड कापून पाहतो तो गुच्छ पांढरेच होते, आणि नलिकेच्या पेशी मात्र निळ्याभोर झाल्या होत्या! नलिका बाहेर टाकते याचा हा जणू डोळ्यांदेखत मिळालेला पुरावा होता. शिवाय त्याने हिशेब मांडला की, माणसाच्या अंगातून रोज जेवढा युरिया जातो तेवढा केवळ गाळण्याने जावयाचा असेल, तर दिवसाकाठी सत्तर लिटर पाणी गाळले पाहिजे. असे अशक्य कोटीतले काही सृष्टीत घडत नसते, असा त्याचा निष्कर्ष.

येथे इतिहासाने त्याची मोठी थट्टा केली. त्याचा हिशेब चुकला होता खरा, पण भलत्याच दिशेने. निरोगी तरुण माणसाच्या गुच्छांतून दर मिनिटास सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसास सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, असे आज आपणांस ठाऊक आहे. रक्तातील पातळ द्रव सारा मिळून तीन लिटर. म्हणजे तो दिवसातून साठ वेळा गाळून निघतो. या १८० लिटरांत सुमारे दीड किलो मीठ व १८० ग्रॅम साखर असते. त्यांतून मूत्रावाटे जाते ते लिटर-दीड लिटर पाणी, चिमूट-दोन चिमटी मीठ, आणि साखर तर जवळजवळ नाहीच. बाकी सर्व नलिकांनी परत घेतलेले असते. मधुमेह्याच्या मूत्रास मुंग्या का लागतात, हेही यावरून कळते. रक्तात साखर फार झाली म्हणजे ती परत घेणाऱ्या नलिकेचे हात अपुरे पडतात आणि साखर अंगणात राहून जाते.

असो. दोन्ही पक्षांजवळ युक्तिवाद होते, परंतु गुच्छातून नेमके काय गाळून येते हे कोणी पाहिले नव्हते. १९१७ साली आर्थर कुश्नी या स्कॉटिश शास्त्रज्ञाने मूत्रोत्पत्तीवर एक ग्रंथ लिहून लुडविगचा पक्ष सावरला, आणि नलिकेतून काही बाहेर टाकले जाते ही कल्पना जवळजवळ निकालात काढली. मग १९२१ साली फिलाडेल्फिया येथे जोसेफ वेर्न व ए. एन. रिचर्ड्स यांनी बेडकाच्या मूत्रपिंडातील एका गुच्छाच्या पिशवीत केसाहून बारीक काचनळी खुपसून तेथला द्रव थेंबाथेंबाने ओढून घेतला. तो इतका अल्प होता की त्याची परीक्षा करण्यासाठी नव्या रीती बसवाव्या लागल्या. १९२४ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. गुच्छातील द्रवात साखर होती, मीठही होते. आणि त्याच बेडकाच्या मूत्राशयातील मूत्रात ती दोन्ही नव्हती. मधल्या वाटेत ती कोणी तरी परत घेतली होती, हे उघड झाले. लुडविग जिंकला.

पण बोमन हरला होता काय? १९२३ सालीच बाल्टिमोर येथील ई. के. मार्शल याने कुत्र्यांवर फिनॉल रेड नावाच्या रंगाचे प्रयोग केले होते. हा रंग रक्तात बराचसा प्रथिनांना चिकटून राहतो, म्हणून गाळून फारसा येऊ शकत नाही. तरी मूत्रात तो भराभर उतरे. मग मार्शलचे लक्ष काही विलक्षण समुद्री माशांकडे गेले. त्यांच्या मूत्रपिंडांत केशिकागुच्छच नसतात. केवळ नलिका असतात. चाळणीच नाही, तरी हे मासे मूत्र तयार करतात आणि तो रंगही बाहेर टाकतात! १९३० सालपर्यंत मार्शल व होमर स्मिथ यांच्या अभ्यासाने ही गोष्ट वादातीत ठरली. नलिका परतही घेते आणि बाहेरही टाकते. ८८ वर्षे एकमेकांविरुद्ध उभे असलेले दोन्ही पक्ष खरे होते. प्रत्येकाची चूक एवढीच की, दुसऱ्याच्या हाती आलेले सत्य त्याने नाकारले.

बाहेर टाकण्याच्या या कामाचा अनुभव जगाला लवकरच आला. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्ड येथे आल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायास पेनिसिलिन टोचण्यात आले. त्या वेळी जगात ते इतके थोडे होते की, त्याच्या मूत्रातून काढून तेच पुन्हा टोचावे लागे. औषध संपले आणि मार्चमध्ये तो वारला. पेनिसिलिन अंगात टिकत का नव्हते? कारण नलिका ते रक्तातून उचलून झपाट्याने बाहेर टाकीत होती. पुढे १९५० च्या सुमारास, नलिकेचा हा दरवाजा अडवून धरणारे प्रोबेनेसिड हे औषध मुद्दाम शोधून काढण्यात आले.

परत घेण्याच्या कामाचीही अशीच एक कथा आहे. सफरचंदाच्या झाडाच्या मुळीच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ काढण्यात आला. तो दिला असता मूत्रातून साखर जाऊ लागते, असे १८८६ साली योसेफ फोन मेरिंग याने पाहिले. नलिकेचा साखर परत घेणारा हातच तो धरून ठेवतो. याच तत्त्वावर तयार केलेली औषधे २०१२ च्या सुमारास मधुमेह्यांना मिळू लागली. मूत्रपिंडाचा ऱ्हासही त्यांनी मंदावतो, असे २०१९ व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत दिसून आले.

आता हे हात कसे चालतात ते थोडक्यात पाहू. १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्काऊ याने, खेकड्याच्या मज्जातंतूंचा अभ्यास करीत असता, पेशींच्या आवरणात सोडियम बाहेर ढकलणारा एक पंप असल्याचे दाखविले; त्याबद्दल १९९७ साली त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. नलिकेच्या प्रत्येक पेशीत, रक्ताकडच्या बाजूस, हे पंप अहोरात्र चालू असतात. पेशीतले सोडियम ते रक्ताकडे उपसतात. पेशीत त्याची उणीव पडते. ती भरून काढण्यास नलिकेतील सोडियम आत धावते, आणि धावताना साखरेचा हात धरून तिलाही आत आणते. साखर व सोडियम यांची ही जोडी रॉबर्ट क्रेन याने १९६० साली प्राग येथे प्रथम मांडली, ती आतड्याच्या संदर्भात. जुलाबाने कोरड्या पडलेल्या मुलास आपण मीठ-साखरेचे पाणी पाजतो, त्याचे मर्म हेच. या दोघांच्या मागे पाणी आपोआप जाते. अशा रीतीने नलिकेच्या पहिल्या भागातच दोन-तृतीयांश द्रव परत गेलेला असतो. पुढे हेन्लेच्या फासाच्या दोन बाजूंनी द्रव परस्परविरुद्ध दिशांनी वाहतो, आणि त्यामुळे मूत्रपिंडाच्या गाभ्यात क्षारांचा साठा होतो. ही कल्पना वेर्नर कुन याने १९४२ साली मांडली व १९५१ साली त्याच्या सहकाऱ्यांसह तिला प्रयोगाचा आधार मिळाला. वैशाखात रायपूरच्या उन्हात चालून आल्यावर आपले मूत्र थोडे व गडद होते, ते या साठ्याच्या जोरावर शेवटचे पाणी राखून ठेवले गेल्यामुळे.

हे सारे कष्टाचे काम आहे. मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे सात टक्के ती वापरतात, आणि त्यातला मोठा भाग खर्च होतो तो नलिकांच्या पंपांवर. गुच्छाला आपण चाळणी म्हणू शकतो. चाळणी केवळ चाळते. नलिका मात्र सुपातले तांदूळ निवडणाऱ्या घरच्या बाईसारखी आहे. प्रत्येक दाणा तिच्या बोटांखालून जातो.

आणि नेमके येथेच तिचे दुर्दैव आहे. प्रत्येक दाणा ज्याच्या बोटांखालून जातो, त्याच्याच बोटाला आधी काटा रुततो.

जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नदीच्या काठी असे घडले. वरच्या अंगास असलेल्या खाणीतून कॅडमियम हा धातू नदीत उतरे, नदीतून भातखाचरांत व भातातून माणसांत. अंगात शिरलेले कॅडमियम एका प्रथिनाच्या कडेवर बसून गुच्छातून गाळले जाते. आणि प्रथिन वाया जाऊ नये म्हणून दक्ष नलिका ते परत घेते. प्रथिन पचून जाते, कॅडमियम मात्र तिच्या पेशीत साठत राहते, ते दशकानुदशके. शेवटी नलिका निकामी होते, हाडांना लागणारे क्षार मूत्रावाटे वाहून जातात आणि हाडे इतकी ठिसूळ होतात की कूस बदलतानाही मोडावी. अनेक बाळंतपणे झालेल्या प्रौढ स्त्रियांना याचा विशेष त्रास झाला. रोग्यांच्या विव्हळण्यावरूनच रोगास ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, असे नाव पडले. १९६८ साली जपान सरकारने हा प्रदूषणाने होणारा रोग असल्याचे मान्य केले.

बाल्कन प्रदेशात, डॅन्यूबच्या उपनद्यांकाठच्या काही खेड्यांत, विसाव्या शतकाच्या मध्यापासून मूत्रपिंडे आक्रसून माणसे मरत असल्याची नोंद आहे. कारण पन्नास वर्षे सापडत नव्हते. दरम्यान १९९३ साली बेल्जममधील वैद्यांनी वजन उतरविण्यासाठी घेतलेल्या वनस्पतींच्या गोळ्यांमुळे काही स्त्रियांची मूत्रपिंडे नासल्याचे दाखविले. आणि मग २००७ साली बाल्कनमधील रोगाचा धागाही तेथेच जुळला. आपल्याकडील ईश्वरमूळ ज्या कुळातले, त्याच कुळातील एक तण गव्हाच्या शेतात माजत असे व त्याचे बी गव्हाबरोबर दळले जात असे. त्यातील विषारी आम्ल नलिकेच्या पेशीत शिरते ते कोणत्या दाराने? ज्या दाराने ती रक्तातून पेनिसिलिनसारखे पदार्थ उचलून बाहेर टाकते, त्याच दाराने. जिन्झूकाठी परत घेण्याच्या कर्तव्याने नलिकेचा घात केला, तर बाल्कनमध्ये बाहेर टाकण्याच्या कर्तव्याने.

आता सुपेबेड्याकडे परत येऊ. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतात, मध्य अमेरिकेतील उसाच्या मळ्यांत, आंध्रातील श्रीकाकुलमच्या उद्दानम भागात गेल्या काही दशकांत असाच एक रोग आढळला आहे. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी शेतकरी-मजुरांची मूत्रपिंडे झिजत जातात. आणि त्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तर मुख्यतः नलिका व त्यांच्या भोवतीची जागा खराब झालेली दिसते. सुपेबेड्यातही मधुमेह किंवा रक्तदाब यांवर बोट ठेवून सुटता येत नाही. पाण्यातील फ्लोराइड, जमिनीतील जड धातू, उन्हातील काबाडकष्ट व कोरड पडलेले शरीर, वेदनाशामक गोळ्या अशी अनेक कारणे तपासली गेली. त्यांपैकी कोणत्याही एकावर दोष निश्चित झालेला नाही. २०१९ साली राज्यपाल अनसूया उईके स्वतः त्या गावी जाऊन आल्या. तेल नदीचे शुद्ध केलेले पाणी आम्हांस द्या, ही गावकऱ्यांची जुनी मागणी. बाल्कनमधील कोडे सुटावयास अर्धे शतक लागले हे खरे. परंतु तेवढे थांबण्याइतके आयुष्य सुपेबेड्यातील रोग्यांपाशी नाही.

नलिकेचा रोग निमूट का येतो, या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. गुच्छाची चाळणी फाटली तर प्रथिने मूत्रात उतरतात, मूत्रास फेस येतो, तोंडास व पायांस सूज येते, आणि रोगी वैद्याकडे जातो. नलिका झिजते तेव्हा यांतले फारसे काही होत नाही. साधी मूत्रपरीक्षाही पुष्कळदा निर्दोष निघते. रक्तातील क्रिएटिनिन मोजावे, तर तेथेही फसगत आहे. क्रिएटिनिन गुच्छातून गाळले जाते, तसे काही अंशी नलिकाही ते बाहेर टाकतात. गाळणे मंदावले की नलिकांचा हा वाटा प्रमाणाने वाढतो, आणि रक्तातला आकडा बराच काळ बरा दिसत राहतो. घर कोसळू लागले असताना कर्ता मुलगा दोन्ही हातांनी तुळई धरून उभा राहावा आणि बाहेरच्यांना भिंती शाबूत दिसाव्या, तसा हा प्रकार आहे. म्हणून अशा गावात आजारी माणसाची वाट पाहत बसून चालत नाही. निरोगी दिसणाऱ्यांची परीक्षा वरचेवर करावी लागते.

मूत्रपिंडे पुरती निकामी झाल्यावर यंत्राचा आधार असतो, हे खरे. १९७५ साली जयप्रकाश नारायण कैदेत असताना त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. पुढे मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले आणि १९७९ सालापर्यंत डायालिसिसच्या आधारावर ते जगले. या यंत्राचे उपकार थोर आहेत. परंतु ते यंत्र चाळणीचे काम करते, निवडण्याचे नव्हे. जे टाकाऊ पदार्थ रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटलेले असतात व ज्यांना केवळ नलिकाच ओढून काढू शकते, ते त्याच्याकडून पुरते निघत नाहीत. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास यंत्राशी बसूनही रोग्यास पाणी मोजून प्यावे लागते, मीठ मोजून खावे लागते. जी निवड नलिका नकळत करीत होती, ती आता त्यास जागेपणी, प्रत्येक घोटाला करावी लागते. आणि तो रोगी देवभोगच्या बाजूचा असला, तर त्या प्रत्येक खेपेस प्रवास आलाच.

गरियाबंद हा २०१२ साली स्वतंत्र जिल्हा झाला. त्यापूर्वी देवभोग व सुपेबेडा ही रायपूर जिल्ह्यातच मोडत असत. म्हणजे ज्या वर्षी आजाऱ्यांची पहिली मालिका सुरू झाली, त्या वर्षी तात्यापाऱ्यातील मराठी माणूस आणि सुपेबेड्याचा शेतकरी एकाच जिल्ह्याचे रहिवासी होते. सीमा कागदावर हलल्या, एवढेच. ज्या भूमीने आपल्या पूर्वजांना पोटाशी धरले, त्या भूमीतील हे दुःख आपल्या वाचनाच्या बाहेर राहू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपण हे वाचीत असतानाच आपल्या नलिकांनी काही लिटर पाणी अंगणात मांडून पुन्हा घरात घेतले असेल. त्यांनी त्याची वाच्यता केली नाही. सुपेबेड्यातील माणसांच्या नलिकांनीही केली नव्हती. त्यांच्यासाठी बोलण्याचे काम मग ज्यांना बोलता येते त्यांच्यावर येऊन पडते. गावाला स्वच्छ पाणी, वेळच्या वेळी रक्ताची परीक्षा आणि घराजवळ उपचार, एवढेच ते बोलणे आहे.